कॉलेजसाठी लॅपटॉप: आत्ताच घ्यायचा, की थांबायचं?

प्रवेशाचा मेसेज आला की घरात पुढचा विषय लॅपटॉपचा. शेजारचे काका सांगतात, घेताय तर गेमिंगचाच घ्या. मामा म्हणतो, मोबाईलवर सगळं होतं. दोघांनीही तुमचा अभ्यासक्रम पाहिलेला नसतो. लॅपटॉप लागतो की नाही, आणि लागला तर कोणत्या सेमिस्टरपासून, हे कळायला तुमच्या विद्यापीठाची सिलॅबसची पीडीएफ आणि शाखेतला एखादा सीनियर एवढं पुरतं. बाकी काम खाली क्रमाने दिलंय. ते पालकांनीही वाचावं, कारण पैसे त्यांचे जाणार आहेत.

१. प्रवेश अंतिम होईपर्यंत खरेदी करू नका

इंजिनीअरिंगला कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) एका राऊंडमध्ये मिळालेली शाखा पुढच्या राऊंडमध्ये बदलू शकते. कॉम्प्युटर मिळेल म्हणून लॅपटॉप आणून ठेवला आणि शेवटी सिव्हिलला प्रवेश झाला, तर मशीनची निवड चुकली. सिव्हिलला आणि कॉम्प्युटरला लागणारी मशीन वेगळी असतात. आर्ट्स-कॉमर्सलाही विषय पक्के व्हायला काही आठवडे जातात.

वर्ग सुरू झाल्यावर आणखी सहा ते आठ आठवडे थांबलात तरी पहिल्या सेमिस्टरला काही बिघडत नाही. तोवर कोणता विषय कोण शिकवतं, लॅब कितपत चालू असते, सबमिशन हातानं लिहून द्यायचं की टाईप करून, हे सगळं कळतं. शिवाय दसरा-दिवाळीचे सेलही तोंडावर आलेले असतात.

२. सिलॅबस उघडा आणि सॉफ्टवेअरची यादी काढा

विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या संकेतस्थळावरून तुमच्या शाखेची पीडीएफ उतरवा. विषयांची नावं वाचत बसू नका, थेट प्रॅक्टिकलवर या. पॉलिटेक्निकवाल्यांचं काम सोपं आहे. एमएसबीटीईच्या (महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या) 'के-स्कीम' नावाच्या अभ्यासक्रमात विषयागणिक प्रयोगशाळेला लागणारी उपकरणं, साधनं आणि सॉफ्टवेअर यांचा तक्ता दिलेला असतो. तोच बघा.

वहीत चार रकाने आखा: सेमिस्टर, विषय, सॉफ्टवेअर, आणि ते विंडोजशिवाय चालतं का. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. उदाहरणार्थ, पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या लॅब विषयांत ६४ बिट लिनक्स सुचवलेलं दिसतं. म्हणजे ताईचा चार जीबी रॅमचा पडून असलेला जुना लॅपटॉप लिनक्स टाकून सी, पायथन आणि मायएसक्यूएलच्या प्रॅक्टिकलला बिनदिक्कत चालतो. याउलट सॉलिडवर्क्स, रेव्हिट, टॅली आणि पॉवर बीआय डेस्कटॉप ही विंडोजचीच सॉफ्टवेअर आहेत. यातलं एखादं तुमच्या यादीत असेल तर मॅकबुक आणि क्रोमबुक तिथेच बाद करा.

३. शाखेप्रमाणे गरज किती?

*बीए, विधी, शिक्षणशास्त्र:* पदवीच्या वर्षांत मोबाईलवर भागतं. अडतं ते मोठ्या प्रकल्पाला. पन्नास पानांचा संशोधन प्रकल्प, त्यात तळटीपा, अनुक्रमणिका आणि पानांचे क्रमांक, हे मोबाईलवर होत नाही असं नाही, पण डोळे आणि संयम दोन्ही संपतात. एमएला प्रबंधिका असेल तर त्या वर्षी मशीन हाताशी हवं. मराठी मजकुराबाबत एक सावधगिरी: टायपिंगवाल्याकडून काम करून घेतलंत तर युनिकोडमध्येच मागा. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की अगम्य चिन्हांचा ढीग दिसतो. तिथे दुरुस्ती करता येत नाही आणि सर पुन्हा परत पाठवतात.

*बीकॉम, बीबीए, सीए:* एक्सेल आणि टॅली हे दोनच खरे प्रश्न. टॅली शिकायला परवाना विकत घ्यावा लागत नाही, एज्युकेशनल मोड फुकट आहे. त्यात व्हाउचर मात्र महिन्याची पहिली आणि दुसरी तारीख आणि महिनाअखेर यावरच टाकता येतात. सराव करताना १५ तारखेची एंट्री घेत नाही म्हणून कित्येकजण सॉफ्टवेअर बिघडलं समजतात आणि क्रॅक शोधायला जातात. बिघडलेलं काही नसतं. एक्सेल मोबाईलवर उघडतं, पण व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल शिकायचं तर माऊस आणि मोठा पडदा पाहिजेच. म्हणून कॉमर्सला पहिल्या वर्षी घाई नको. सीएची आर्टिकलशिप सुरू होताना मात्र फर्म स्वतःचा लॅपटॉप आणायला सांगते का, हे मुलाखतीतच विचारून घ्या.

*बीएस्सी, फार्मसी, नर्सिंग, मेडिकल:* इथे जर्नल हातानं लिहायचं असतं आणि वाचायचं भरपूर असतं. पीडीएफवर खुणा करायला लॅपटॉपपेक्षा पेन चालणारा टॅब्लेट सोयीचा. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि सांख्यिकी याला अपवाद. त्यांनी पुढचा परिच्छेद वाचावा.

*कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्स, बीसीए:* यांना लॅपटॉप लागणारच. पण इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष बरंचसं सगळ्या शाखांना सारखं असतं: गणित, भौतिक, रसायन, मेकॅनिक्स, वर्कशॉप आणि प्रोग्रामिंगचा एखादा विषय. त्या विषयाचे वीस-पंचवीस छोटे प्रोग्राम ब्राउझरमधल्या ऑनलाईन कंपायलरवर निघतात. खरा वापर दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर आणि डेटाबेसपासून. मशीन लर्निंगसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं ही दुकानदाराची आवडती समजूत. अभ्यासक्रमातली प्रॅक्टिकल गुगल कोलॅबवर ब्राउझरमध्ये चालतात, मर्यादित वेळ जीपीयूही (ग्राफिक्स प्रोसेसर) फुकट मिळतो. रॅम खाणारी गोष्ट वेगळीच आहे: अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर, म्हणजे ॲप तपासायला लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन. आठ जीबीवर तो लावला की पंखा विमानासारखा ओरडतो आणि माऊस अडकतो. एम्युलेटर बंद ठेवा, स्वतःचा फोन केबलने जोडा, फोनमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग सुरू करा आणि ॲप तिथेच चालवा. आठ जीबीवर काम निघतं.

*मेकॅनिकल, सिव्हिल:* ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया. इंजिनीअरिंग ड्रॉईंगला सुरुवातीला ड्राफ्टर आणि शीट लागते, लॅपटॉप नाही. कॅड (संगणकावरचं ड्रॉईंग) आलं की १६ जीबी रॅम आणि एसएसडी धरूनच चाला. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना एक वर्षासाठी मोफत मिळतात आणि विद्यार्थी असेपर्यंत दरवर्षी मुदत वाढवता येते. त्यासाठी कॉलेजचं ओळखपत्र किंवा बोनाफाईड अपलोड करावं लागतं. अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः सारखं ठेवा. एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नुसतं आडनाव असलं की अर्ज अडकतो.

*आर्किटेक्चर, ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग:* इथे काटकसर महागात पडते. वेगळं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम (पुढे ३२ करता येईल असं), आणि रंग खरे दाखवणारा पडदा. पडद्याच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसणार आणि छापून आलेली शीट पडद्यापेक्षा वेगळी निघणार. '१०० टक्के एसआरजीबी' शोधा. आर्किटेक्चरला पहिल्या वर्षी हातानं ड्राफ्टिंगच जास्त असतं, त्यामुळे पैसे जमवायला वर्षभर मिळतं.

४. कॉलेजात काय आहे ते विचारा, आणि नेमकं विचारा

"लॅब आहे का?" असं विचारलं की उत्तर 'हो'च येतं. त्याऐवजी हे प्रश्न विचारा:

- तास संपल्यावर लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते? परीक्षेच्या आधीच्या महिन्यात?
- यादीतलं सॉफ्टवेअर लॅबमध्ये परवान्यासह आहे का, आणि त्याची कितवी आवृत्ती?
- एका मशीनवर किती मुलं बसतात?
- कॉलेजचा ई-मेल आयडी मिळतो का?

आवृत्तीचा प्रश्न फालतू वाटेल, पण नव्या सॉलिडवर्क्समध्ये घरी बनवलेली फाईल लॅबमधल्या जुन्या सॉलिडवर्क्समध्ये उघडत नाही. सबमिशनच्या आदल्या दिवशी हे कळू नये. कॉलेजचा ई-मेल असेल आणि कॉलेजने मायक्रोसॉफ्टकडे नोंदणी केली असेल तर वर्ड-एक्सेल ब्राउझरमधून फुकट वापरता येतं. मॅटलॅबचीही ऑनलाईन आवृत्ती महिन्याला २० तास मोफत मिळते. एका विषयाच्या प्रॅक्टिकलला तेवढं पुरतं.

५. पंधरा दिवस मोबाईलवर काढून बघा

हिशेबापेक्षा ही चाचणी जास्त सांगते. एक ओटीजी अडॅप्टर, साधा यूएसबी कीबोर्ड आणि माऊस घ्या. माऊस जोडला की अँड्रॉइड फोनवर बाण उमटतो. मराठी मजकूर जीबोर्डवर बोलून टाईप होतो, फक्त विरामचिन्हं नंतर भरावी लागतात. पंधरा दिवस जिथे काम अडलं तिथे वहीत तारीख आणि कारण लिहा.

नोंदी तीन-चारच असतील आणि त्याही प्रिंट काढण्याच्या असतील, तर तुम्हाला लॅपटॉप नको, सायबर कॅफे हवा. रोज अडत असेल आणि लॅब पाचला बंद होत असेल, तर निर्णय झालाच.

आणखी एक वाट लोक विसरतात: डेस्कटॉप. घरी राहून कॉलेज करणाऱ्या मुलाला मशीन रोज पाठीवर वाहायचं नसतं. त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, दुरुस्ती गल्लीतल्या दुकानात होते, रॅम वाढवणं पाच मिनिटांचं काम. दोन भावंडं असतील तर दोन वेगळी युजर अकाउंट करून दोघांना चालतो. जिथे वीज जाते तिथे यूपीएसचा खर्च धरा. हॉस्टेलवर मात्र डेस्कटॉपच्या भानगडीत पडू नका.

६. घ्यायचा ठरला, तर डब्यावर काय वाचायचं

*प्रोसेसर:* 'आय ५' किंवा 'रायझन ५' एवढं ऐकून पैसे देऊ नका, पुढचा आकडा बघा. इंटेलच्या जुन्या पद्धतीत आय ५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, आय ५-११३५जी७ म्हणजे अकरावी. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा अंक खरी गोष्ट सांगतो: ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आत झेन २ ही जुनी रचना. ७५३०यू मध्ये ३ आहे, म्हणजे झेन ३. डब्यावर दोन्ही 'रायझन ५ ७००० सिरीज'च. सेलेरॉन आणि पेंटियम स्वस्त म्हणून घेऊ नका, चार वर्षं काढायची आहेत.

*रॅम:* आजच्या घडीला आठ जीबी किमान, १६ योग्य. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे की स्लॉट मोकळा आहे. स्लॉट असेल तर आज आठ घेऊन तिसऱ्या वर्षी वाढवा. सोल्डर असेल तर जे घ्याल ते कायमचं.

*साठवण:* एसएसडीच, ५१२ जीबी. हार्ड डिस्क असलेलं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

*बॅटरी:* '१० तास' हा जाहिरातीतला आकडा. बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेले असतात, ते बघा. ४१ वॉट-अवरची बॅटरी साध्या कामात ताशी आठ-दहा वॉट-अवर खर्च झाले तर चार-पाच तास पुरते. जुन्या इमारतीतल्या वर्गात प्लगची जागा मागच्या बाकालाच असते, त्यामुळे हा हिशेब महत्त्वाचा. गेमिंग लॅपटॉप यात सगळ्यात मागे, वर त्याचा चार्जरच विटेएवढा.

नवीन मशीनसोबत ऑफिस आलं असेल तर पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या ई-मेलवर नोंदवा. ते नोंदवायला मुदत असते. आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर सेटिंगमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवा, नाहीतर विंडोजचं अपडेट दिवसाचा डेटा एका बैठकीत गिळतं.

७. वापरलेला घेताना काउंटरवरच तपासा

लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, रिफर्बिश्ड लॅपटॉप बहुतेक कंपन्यांतून लीज संपून आलेले असतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांची बांधणी दणकट असते आणि पैसे वाचतात. फक्त तासभर हातात घेऊन बसायची तयारी ठेवा. घाई करणाऱ्या दुकानदाराकडून घेऊच नका.

१. पिढी बघा. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. सहाव्या-सातव्या पिढीवर ११ चालवून दाखवतात, पण ते नियम डावलून टाकलेलं असतं. लिनक्सच वापरणार असाल तर ही अट सोडून द्या.

२. विंडोज रीसेट करायला लावा आणि सेटअपच्या वेळी वायफाय जोडा. नेट जोडल्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ई-मेल मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. दुकानदार 'नेट न जोडता सेटअप करा, होतं' म्हणेल. होतं, पण पुढच्या फॉरमॅटला पुन्हा अडकतं. तसंच बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारी मशीनची सेटिंग) उघडून पासवर्ड मागत नाही ना, ते बघा.

३. बॅटरीचा अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मोकळी जागा, तिरपी रेघ आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' असं जोडून (powercfg /batteryreport) टाईप करा. तयार झालेल्या फाईलचा पत्ता पडद्यावर दिसतो, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात मूळ क्षमता ५०,००० आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता ३१,००० दिसली, तर बॅटरी ६२ टक्के उरली आहे. ७० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागा.

४. झाकण एका हाताने कोपऱ्याला धरून सावकाश उघडा. बिजागरीपाशी कट्कन आवाज आला किंवा प्लास्टिक फाकलं तर पुढे पडद्याची केबल जाते.

५. नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबा. मग सगळे यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्हने, कॅमेरा, माईक आणि हेडफोनचं भोक. पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून डाग बघा.

बिलावर सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. तोंडी 'सहा महिने आपली गॅरंटी' याला पुढच्या महिन्यात अर्थ राहत नाही.

८. पैशाची बाजू

५५,००० चं मशीन चार वर्षं टिकलं तर महिन्याला सुमारे १,१५० रुपये पडतात. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी ते जास्त आहेत, रोज चार तास लागणाऱ्या वस्तूसाठी कमी. वर बॅग, माऊस आणि एक बाहेरची ड्राइव्ह यांचाही खर्च धरा. सबमिशनची एकच प्रत ठेवणाऱ्याचा लॅपटॉप नेमका सबमिशनच्या आठवड्यात झोपतो.

'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याजाइतकी सूट देतात, पण कार्डावर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी लागू शकते. एकरकमी किंमत काय, हे आधी विचारा.

शैक्षणिक कर्ज घेत असाल तर बँकांच्या नमुना योजनेत अभ्यासक्रम पूर्ण करायला आवश्यक असेल तर संगणकाचा खर्चही धरता येतो. मात्र तो अर्जाच्या वेळीच खर्चाच्या अंदाजात दाखवा. कर्ज मंजूर झाल्यावर लॅपटॉपचं बिल घेऊन गेलात तर शाखा बहुधा नाही म्हणते.

आणि 'सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, खालच्या लिंकवर आधार नंबर भरा' असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड आला तर लिंक उघडू नका. असे संदेश खोटे असल्याचं पीआयबीच्या (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या) फॅक्ट चेकने अनेकदा सांगितलंय. खरी योजना असेल तर ती कॉलेजच्या कार्यालयात कळते.

जवळ ठेवायचे कागद

- कॉलेजचं ओळखपत्र आणि बोनाफाईड (विद्यार्थी सवलत, मोफत सॉफ्टवेअर)
- प्रवेशाची पावती आणि फी-रचनेचं पत्र (कर्जासाठी)
- दुकानाचं कोटेशन, जीएसटीसह आणि मॉडेल नंबर लिहिलेलं (कर्जासाठी)
- विभागप्रमुखांचं पत्र: अभ्यासक्रमाला संगणक आवश्यक असल्याचं (बँकेने मागितलं तर)
- खरेदीचं बिल, विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या नावाने, सीरियल नंबरसह
- लॅपटॉपच्या तळावरच्या स्टिकरचा फोटो, फोनमध्ये आणि ई-मेलवर

शेवटचा फोटो पहिल्याच दिवशी काढा. वर्षभर मांडीवर आणि बॅगेत घासून स्टिकरवरचा सीरियल नंबर पुसला जातो. हॉस्टेलवरून मशीन चोरीला गेलं तर पोलीस ठाण्यात पहिला मागतात तो हाच नंबर.